पाठवलेला पेशंट

…आणि वर मलाच विचारतात हो, "पण सेल्बी, तू बोट पुढे केलंसच कशाला?" कशाला म्हणजे? नर्सनं बोट मागितलं, मी दिलं! समोरच्यानं वाक्य टाकलं की आपण ते उचलायचं असतं, नट आहे मी, हात काय पाठीमागे लपवू? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. मी सेल्बी राइडाउट, पिंचर्स कोव्हचा. जन्म गेला तो फेरीबोटीवर दोर सोडण्यात आणि दोर बांधण्यात, पण ते पोटासाठी. खरा मी नट! न्यूफाउंडलंडच्या ह्या आमच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये नाटक होतं, म्हणजे आधी जेवण, मग नाटक, मग उरलेलं जेवण. त्यात बुडणारा खलाशी, बुडालेला खलाशी, बुडून परत आलेला खलाशी… सगळे खलाशी मीच. पण लोक बघतात का? लोक पुडिंगकडे बघतात! मी तिथे जीव तोडून मरतोय, शेवटचा श्वास सोडतोय, आणि पुढच्या टेबलावरून आवाज, "अगं, ती ग्रेव्ही जरा इकडे सरकव." घरी येऊन व्हायोलाला, म्हणजे बायकोला, विचारावं, "कसं झालं?" तर म्हणते, "कोट चांगला दिसत होता."

तर ह्या वसंतात, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडायला लागला होता, त्या दिवसांत शहरातून एक बाई आली. ऑड्री पेनी. तरुण, शिकलेली, हसण्याची सवय नसलेली. हॉलमध्ये येऊन म्हणाली, "मला अभिनय करणारा एक माणूस हवाय. वयस्कर. साधा." आता हॉलमध्ये साधे पुष्कळ होते, वयस्कर तर सगळेच, पण अभिनय म्हटल्यावर मी उभा राहिलो. इतर कोणी उठायच्या आत उभा राहिलो, हे कबूल.

ती म्हणाली, "मिस्टर राइडाउट, शुगर, ब्लडप्रेशर, असे जन्मभर चिकटून राहणारे आजार ज्यांना असतात, त्यांच्याशी दवाखान्यात कसं बोलावं, काय विचारावं, काय समजावून सांगावं, याच्या सूचना आरोग्य खात्यानं सगळ्यांना दिल्यात. डॉक्टर, नर्स त्या पाळतात का, हे मला तपासायचंय."

"मग त्यांनाच विचारा की."

"विचारलं. सगळे म्हणतात, पाळतो."

"बरोबर आहे. आम्हीसुद्धा चर्चच्या पाद्रीबाईंना असंच सांगतो."

हसली नाही. म्हणाली, "म्हणून पेशंट बनवून माणूस पाठवायचा. वर्षभरात कधीतरी असा कोणीतरी येणार एवढं त्यांना ठाऊक आहे, त्यांनी होकार दिलाय. कोण येणार, कधी येणार, हे मात्र ठाऊक नाही. तेव्हा हे कुणाला सांगायचं नाही."

नाही सांगितलं. फक्त व्हायोलाला सांगितलं, पाद्रीबाईंना सांगितलं, आणि हॉलमध्ये त्या वेळी जी काही माणसं होती त्यांना. एवढी मोठी भूमिका मिळते आणि माणसानं घरच्या घरीसुद्धा बोलू नये? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

भूमिका अशी: नाव वॉल्टर ब्लॅकवूड, नुकतंच कळलंय की शुगर आहे, मावशीला होती, चहा बिनसाखरेचा, बाकी काही त्रास नाही. झालं, एवढंच. मी म्हटलं, "अहो, ह्याचं आयुष्य काय? ह्याचं दुःख काय?" ती म्हणाली, "दुःख नको. जास्तीचं काहीच करू नका. आणि हे बघा, कोणी सुई टोचायला आलं तर 'मला सुईची भीती वाटते' असं म्हणून नाही म्हणायचं. हे वाक्य पाठ करा." केलं पाठ. मग तिनं सांगितलं की मी काय काय बघायचं. पेशंटला आधी काय ठाऊक आहे ते विचारतात का, काय खातो ते न रागावता विचारतात का, घरात कोण आहे, पाय तपासतात का, त्याला झेपेल अशी एखादीच गोष्ट ठरवतात का, आणि शेवटी काय समजलं ते त्याच्याच तोंडून वदवून घेतात का. मी म्हटलं, "एवढं सगळं एका माणसाचं करायचं तर डॉक्टरनं जेवायचं कधी?" ती माझ्याकडे बघत राहिली. ही बाई हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसली तर मला वाक्यं आठवायची नाहीत, असं वाटून गेलं.

पहिला प्रयोग दूरच्या खाडीवरच्या गावात, जिथे मला कुत्रं ओळखत नाही. डॉक्टर मोठा, खोली मोठी, संगणक त्याहून मोठा. मी प्रवेश घेतला. आता नुसतं चालत गेलं तर तो काय प्रवेश झाला? म्हणून जरा लंगडत गेलो. थोडंसंच. वॉल्टरला आयुष्यानं काही दिलेलं नाही, हे पायातून दिसायला नको?

डॉक्टर पडद्याकडे बघत, बोटं खटाखट चाललेली, "हं. शुगर. कमी खा, जास्त चाला, गोळी सकाळ-संध्याकाळ, काही विचारायचंय नाही ना…" हे सगळं एका श्वासात, स्वल्पविराम मी घातलेत! आणि मग एकदम थांबला. खाली बघितलं. तोंडाकडे नाही हं, पायाकडे. "लंगडताय?"

आता काय सांगणार? म्हटलं, "थोडंसं."

अहो, माणूस बदलला! खुर्चीतून उठला, गुडघा दाबला, वाकवला, फिरवला, "इथे दुखतं? इथे? जिना चढताना?" आणि मी, काय करणार, "आई गं" म्हटलं दोनदा. तो गुडघ्याचा फोटो काढायला पाठवतो म्हणाला, व्यायाम दाखवला, स्वतः जमिनीवर पडून दाखवला! शुगरबद्दल अवाक्षर नाही. बाहेर आलो तर ऑड्री गाडीत बसलेली. मी सांगितलं. ती म्हणाली, "पण लंगडायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, "भूमिकेला खोली दिली." तिनं डोळे मिटले आणि बराच वेळ मिटूनच ठेवले. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

दुसऱ्या गावात कोरी म्हणून एक पोरगेला नर्स. पुरुष नर्स. केस चापून बसवलेले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. त्यानं सूचना समोर टेबलावर उघडून ठेवलेल्या आणि बोट ओळीवर. आणि सुरू झाला. मी वाट बघतोय की हा वर बघेल, मग बोलेल. छे! "पायरी पहिली. पेशंटचं स्वागत करा. नमस्कार, मिस्टर ब्लॅकवूड. पायरी दुसरी. पेशंटला काय माहीत आहे ते विचारा. तुम्हाला काय माहीत आहे?" मी तोंड उघडलं. "धन्यवाद. पायरी तिसरी. सहानुभूती दाखवा." इथे तो थांबला. खोल श्वास घेतला. "हे तुमच्यासाठी फार कठीण असेल." मग खालची ओळ, तीही मोठ्यानं, "पेशंटला प्रतिसाद द्यायला वेळ द्या." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला.

मी वेळ दिला. त्यानं वेळ दिला. आम्ही दोघांनी एकमेकांना भरपूर वेळ दिला.

"पायरी पुढची. पेशंटच्या आयुष्यात बसेल असं एखादंच उद्दिष्ट ठरवा. खालीलपैकी निवडा. पोहणे, सायकल, व्यायामशाळा."

मी म्हटलं, "बाळा, आमच्याकडे पोहायला एकच जागा आहे, आणि तिच्यात अजून बर्फ तरंगतोय."

त्यानं ओळ पुन्हा वाचली. "पोहणे, सायकल, व्यायामशाळा."

"सायकल," मी म्हटलं. माझ्याकडे सायकल नाही. वॉल्टरकडे असेल. पोराला बरं वाटलं, त्यानं निःश्वास सोडला, पाय तपासले, म्हणजे "पाय ठीक आहेत ना?" असं बुटांना विचारलं, आणि मला निरोप दिला, "पायरी शेवटची, पेशंटला धीर द्या. धीर धरा." ऑड्रीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सगळं विचारलं!" विचारलं ना. एकूण एक विचारलं. कोणाला विचारलं, हे त्याला ठाऊक असेल तर शपथ.

आणि मग तिसरं गाव. रस्ता संपतो, पुढे पाणी, आणि पाण्याच्या अलीकडे दवाखाना. तिथे नर्स लोरेटा हाइन्स. पन्नाशीची, दणकट, हातमोजे काढता काढता बोलणारी. "या, बसा. तिकडे नको, त्या खुर्चीचा पाय गेलाय. चहा घेताय? माझा राहिलाय, मी पिते, तुम्ही बोला."

हे काही सूचनांत नव्हतं. पायरी कुठली, काही पत्ता नाही. मी आपला वॉल्टर सुरू केला, "मला नुकतंच निदान झालेलं आहे की…" ती चहा फुंकत ऐकत होती. म्हणाली, "रात्री किती वेळा उठता?"

आता हे ऑड्रीनं लिहून दिलेलं नव्हतं. पण नट कधी अडत नाही! मी म्हटलं, "चार-पाच वेळा." इतकं सहज आलं हो! ती म्हणाली, "तहान?" म्हटलं, "किटली मीच संपवतो." "डोळ्यांपुढे धूसर?" "चष्मा जुना झालाय." "थकवा?" "दुपारी जेवल्यावर बाकावर जो पडतो तो थेट संध्याकाळीच." धडाधड उत्तरं! कुठेही शोधावं लागलं नाही, तयार असल्यासारखी आपोआप येत होती. मनात म्हटलं, सेल्बी, लेका, आज रंग चढलाय.

मग ती म्हणाली, "घरात कोणाला होती?"

इथे 'मावशी' म्हणायचं होतं. पण मावशीत काही दम नाही. मावशीसाठी कोण रडणार? म्हणून मी म्हटलं, "वडिलांना."

आणि मग सांगत गेलो. आमच्या गावाला तेव्हा रस्ता नव्हता, डॉक्टर बोटीनं यायचा, धक्क्यावरच उभ्या उभ्या लोकांना बघायचा. बापाला म्हणाला, "साखर झालीय तुला. साखर बंद." आणि बोट सुटली. बाप माझा आज्ञाधारक! त्या दिवसापासून चहात साखरेचा कण टाकला नाही त्यानं. काकवी टाकायचा. दोन चमचे. गावभर सांगायचा, "डॉक्टरचा शब्द मोडला नाही बरं का आपण." आधी अंगठा गेला. मग पाऊल. मग गुडघ्यापर्यंत गेला पाय, आणि तो स्वयंपाकघरातल्या बाकावर, खिडकीशी, पँटची एक बाजू पिन लावून दुमडलेली, बंदरातल्या बोटी मोजत बसायचा. आणि मला विचारायचा, "सेल्बी, सांगितलेलं सगळं पाळलं रे मी. मग असं कसं झालं?"

आता तुम्हाला एक खरं सांगतो. हॉलमध्ये रडायचं असलं की मला खिशात कांदा लागतो. सगळ्यांना ठाऊक आहे ते, व्हायोलाच चिरून देते. त्या दिवशी खिशात कांदा नव्हता.

लोरेटा 'हे फार कठीण असेल' वगैरे काही म्हणाली नाही. कप खाली ठेवला. थोडा वेळ गप्प बसली, घड्याळाकडे न बघता. मग म्हणाली, "आणि तुम्ही? तुम्ही चहात काय टाकता?"

"…काकवी."

हे वॉल्टरचं उत्तर नव्हतं. वॉल्टर चहा बिनसाखरेचा पितो, तसं लिहिलेलं होतं.

"किती?"

"दोन चमचे. सकाळच्या तळलेल्या पोळीवरची वेगळी."

ती उठली. छोटं यंत्र घेऊन आली. "बोट द्या."

वाक्य मला पाठ होतं! 'मला सुईची भीती वाटते.' ओठांवर आलं होतं! पण तुम्हीच विचार करा, हा वॉल्टर कोण? समुद्रावर जन्म काढलेला माणूस, हे मीच ठरवलं होतं, गळाचा आकडा तळहातात रुतला तर दातानं उपसून काढणारा! तो सुईला भिणार? एवढीशी सुई बघून खुर्चीत मागे सरकणार? सगळी भूमिका कोसळली असती हो! दिलं बोट. नुसतं दिलं नाही, ऐटीत दिलं. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

आकडा आला सतरा. आमच्याकडची मोजणी वेगळी, धडधाकट माणसाचा पाच-सहा येतो; दहाच्या वर गेला की नर्स खुर्ची पुढे ओढून बसतात. तिनं ओढली.

मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय."

तिनं दुसरं बोट घेतलं. पुन्हा सतरा.

आता नाटक पुरे, असं म्हणून मी खुलासा करायचं ठरवलं. म्हटलं, "बाई, रागावू नका, पण मला काही झालेलं नाही. मी पाठवलेला माणूस आहे. खोटा आहे मी!"

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"दारातून आलात तेव्हाच कळलं. खरा पेशंट आला की आधी बाहेर कोण कोण बसलंय ते बघतो. तुम्ही भिंती बघितल्या, मला बघितलं, आणि मग 'निदान झालेलं आहे' म्हणालात. इथे कोणी असं बोलत नाही राजा. अभिनय फार झाला तुमचा."

अभिनय फार झाला! तुम्हाला सांगतो, तो सतरा एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. मी म्हटलं, "मग ठाऊक होतं तर टोचलंत कशाला?"

"कारण रात्री उठण्याचं, तहानेचं सांगितलंत त्यात अभिनय नव्हता. ते खरं होतं. आणि बापाचंही."

मी तरी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "बाई, असंही असेल, की मी भूमिकेत इतका आत शिरलो, इतका आत, की रक्ताला पण वाटलं असेल…"

"बूट काढा," ती म्हणाली.

बूट काढले. मोजे काढले. तिनं माझं पाऊल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. माझं पाऊल, तुम्हाला सांगतो, व्हायोलानंसुद्धा इतक्या जवळून बघितलेलं नाही. एक बारीक दोरा होता तिच्या हातात, मासेमारीच्या दोऱ्यासारखा. म्हणाली, "डोळे मिटा. दोरा लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. बसलो. खिडकीबाहेर समुद्रपक्षी ओरडत होते. तिचा चहा गार होत होता. मी वाट बघतोय. फारच वेळ गेला, तेव्हा म्हटलं, "करा की सुरू."

"मघाच सुरू केलंय," ती म्हणाली.

…

टाचेला कळलं. मधे कळलं. अंगठ्याशी काही नाही. ती दाबत होती, मी बघत होतो, दोरा वाकत होता, आणि तो अंगठा जणू शेजाऱ्याचा. मला बाकावरची ती खिडकी दिसायला लागली. मी तिला विचारलं, "पाय जाणार का?"

ती म्हणाली, "तुमच्या वडिलांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतेय. फरक तिथूनच पडतो. आता ऐका." आणि तिनं सांगितलं. साखर म्हणजे फक्त बरणीतली नव्हे, काकवी पण तीच, पाव पण शेवटी तिकडेच जातो. गोळी का, पाय रोज का बघायचे, अनवाणी का फिरायचं नाही. मग म्हणाली, "एकदम सगळं नको. एकच गोष्ट सांगा, जी उद्यापासून जमेल."

"चहातली काकवी."

"ठरलं. आणि आज घरी गेल्यावर बायकोला सांगायचं. आजच. आता मी काय काय बोलले ते तुमच्या शब्दांत मला सांगा बघू."

आणि मी विसरलो. अहो, पानंच्या पानं पाठ असणारा मी! बुडालेल्या खलाशाचं सबंध भाषण मला आजही झोपेतून उठवलंत तर येतं. आणि त्या दिवशी चार वाक्यं आठवेनात. तिनं पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, न कंटाळता. दुसऱ्यांदा मी अर्धं म्हटलं. तिसऱ्यांदा सगळं.

घरी आलो. व्हायोला कणीक थापत होती. म्हटलं, "व्हायोला, मला शुगर आहे."

"वॉल्टरला," ती म्हणाली.

"नाही. मला."

तिचे हात थांबले. मी सांगितलं, सतरा सांगितलं, अंगठ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे खोटा पेशंट म्हणून गेलास आणि खरा आजार घेऊन आलास? तुला कधी म्हणून कुठलंही काम हद्दीत राहून करता आलं नाही सेल्बी!" आता मी काय मुद्दाम आणला? यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

पण मग तिनं चुलीवरची कढई उतरवली. काकवीची बरणी उचलली आणि कोट न घालताच शेजारणीकडे देऊन आली. परत येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "दाखव." मी पाय दाखवला. तिनं आपला चष्मा लावला. तेव्हापासून रोज लावते. बोलत काही नाही, वर-खाली बघते, बोटांच्या मधे बघते, आणि मोजा स्वतः चढवते.

मग मी ऑड्रीला फोन लावला. वाटलं, बिचारी हळहळेल. हळहळली पण. म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय, मिस्टर राइडाउट. नीट काळजी घ्या. आणि… तुमच्या तिन्ही भेटी बाद कराव्या लागतील."

"का?"

"आम्हाला निरोगी माणूस लागतो. खरा पेशंट चालत नाही."

"अहो, पण त्या लोरेटानं जे केलं, ते तरी धरा! त्या गुडघेवाल्याला सोडा, त्या पायरीवाल्याला सोडा, पण तिनं मला तीन-तीनदा…"

"ती भेट धरता येणार नाही. तुम्ही स्वतःच तिला सांगून टाकलंत ना."

म्हणजे बघा, सबंध किनाऱ्यावर एका बाईनं एका माणसाला धड समजावलं, आणि ते झालंच नाही! आणि माझ्या जागी कोणाला घेतलं? गस पार्डीला! ज्यानं हॉलमध्ये आजवर फक्त दीपस्तंभाचं काम केलंय. हात वर करून उभा. त्याची शुगर उत्तम आहे म्हणे. असणारच, कधी जीव ओतलाय त्यानं कशात?

बरं, ते जाऊ दे. आता औषध तर चालू ठेवायला हवं. लोरेटाचा दवाखाना पडला लांब, म्हणून तिनं मला आमच्याच गावच्या डॉक्टरकडे सोपवलं. डॉक्टर बडमुस, नायजेरियाचा, तरुण माणूस, नवीनच आलाय, बर्फाला अजून भितो. मी गेलो, नाव सांगितलं, तो ताडकन उभा राहिला.

"मिस्टर सेल्बी राइडाउट! या! या, बसा!"

तेव्हाच मला शंका यायला हवी होती. ज्यांना ज्यांना मी विश्वासानं सांगितलं होतं, त्यांनी पुढे विश्वासानं सांगितलं होतं. डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं, की सेल्बी राइडाउट म्हणजे खात्याचा पाठवलेला माणूस!

त्यानं दार लावलं. फोन बंद केला. मला काय ठाऊक आहे ते विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत थांबला. काय खातो ते न रागावता विचारलं. सकाळच्या पोळीचं सांगितलं तर "किती छान लागत असेल" म्हणाला. घरी कोण, झोप कशी, मन उदास असतं का. बाहेर माणसं खोकून खोकून थकली. त्यानं बूट काढायला सांगितलं नाही, स्वतः खाली बसून नाडी सोडली!

मी म्हटलं, "डॉक्टर, एक मिनिट. मी खरा आहे. मला खरंच शुगर आहे."

"अर्थातच," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला.

"अहो, रक्त बघा माझं!"

"बघणार ना. सूचनांत आहेच ते." बघितलं. आकडा उतरला होता, पण होता. तो मान हलवत म्हणाला, "वा. कमाल तयारी करून पाठवतात."

मी अंगठा दाखवला. म्हटलं, "इथे मला काही कळत नाही हो, काहीच कळत नाही, माझ्या बापाचा पाय असाच गेला, मला भीती वाटते." हे मी कुणालाच म्हटलं नव्हतं, व्हायोलालासुद्धा नाही. तो पाऊल हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, त्याचे डोळे भरून आले, आणि हळूच म्हणाला, "काय काम करता हो तुम्ही! काय सहज! मी इतकं खरं वाटणारं कधी पाहिलेलं नाही."

तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं त्या हॉलमध्ये मी बुडालो, मेलो, परत आलो, पण हे वाक्य कोणाच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. एकदाही नाही.

आता माणसानं काय करावं?

"थँक्यू" म्हटलं, मोजे चढवले, पुढची तारीख घेतली आणि घरी आलो.